उजनीचा गाळ रानात टाकावा का? गाळातले जड धातू सुटतात की बसून राहतात?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलं म्हणून लिहितोय.

आमची जमीन करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यापासून फार लांब नाही. धरण उणे पातळीत गेलं की काठ उघडा पडतो आणि ट्रॉल्यांची रांग लागते. आमचं माळाकडचं तीन एकर रान मुरमाड आहे. आबांचं म्हणणं, यंदा शंभरेक ट्रॉल्या गाळ ओढायचा. २०१७ पासून सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहेच, शिवाय शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी टाकला होता. त्यांचा ऊस बघितल्यापासून आबा ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत.

माझी शंका अशी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि भीमेतून आमच्या दारात. शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम गाळात "बसतात" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. बसतात म्हणजे कायमचे बसतात का? शेतात टाकल्यावर उठतात का? आणि उठले तर पिकात जातात का?

आबांना पटेल असं उत्तर हवं आहे. "विषारी आहे हो" एवढ्यावर ते हसतात.

खडूस_पुणेकर

आम्ही प्रेमाने पाठवतो, तुम्ही साठवता. आता परत पाठवू नका म्हणजे झालं.

काळी_आई

आमच्या वडिलांनी गाळपेरीत वीस वर्षं कडवळ आणि मका घेतला. म्हशी ठणठणीत, माणसंही. शहरातल्या लोकांनी नदी घाण करायची आणि वर शेतकऱ्यालाच घाबरवायचं, हे बरं आहे. टाका बिनधास्त.

भिगवणचा_बगळा

@काळी_आई, वीस वर्षांपूर्वीचा गाळ आणि आजचा गाळ एकच आहे का? मी दर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला उजनीकाठी भिगवणला जातो. पाण्याचा रंग कसा बदलत गेला ते डोळ्यांनी पाहिलंय. माझं मत स्पष्ट आहे, एक पाटीही टाकू नये.

रसायनचूर्ण

दोन्ही टोकांची मतं आली, आता मधलं बोलतो. मी निवृत्त प्राध्यापक, आयुष्य अकार्बनी रसायन शिकवण्यात गेलं. थोडं लांबेल.

पहिल्यांदा, धातू गाळाला का चिकटतो. गाळाचा कण जितका बारीक तितकी त्याची पाठ मोठी. वाळूच्या कणाला चिकटायला जागाच नसते. पण आपल्या काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पापुद्र्या-पापुद्र्यांचं असतं. त्याच्या एका ग्रॅमचं सगळं पृष्ठफळ मोजलं तर सहाशे ते आठशे चौरस मीटर भरतं. शेतकऱ्याच्या हिशेबाने सांगायचं तर चिमूटभर मातीत सात गुंठे. या सात गुंठ्यांवर ऋण भार असतो आणि शिसं, कॅडमियम, जस्त यांचे आयन धन भाराचे. म्हणून पाण्यात तरंगत आलेला धातू जिथे पाणी संथ होऊन बारीक कण तळाला बसतात तिथे त्यांच्यासोबत उतरतो. धरणाचा फुगवटा म्हणजे नेमकी तीच जागा.

पण सगळे सारखे चिकटत नाहीत. वर्गात मी एसटीची उपमा द्यायचो. काही प्रवासी दारात लटकलेले असतात, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावर नुसते भाराने धरलेले. पाण्यात क्षार वाढले की हे पहिले उतरतात. काही जण उभे असतात, ते चुनखडीत अडकलेले. सामू उतरला, म्हणजे आम्लता वाढली, की चुनखडी विरघळते आणि तेही उतरतात. बाकावर बसलेले म्हणजे लोह आणि मँगनीजच्या गंजात बांधलेले. मागच्या बाकावर पाय पसरून झोपलेले म्हणजे सेंद्रिय पदार्थात आणि सल्फाइडमध्ये अडकलेले. आणि पाचवे प्रवासी नव्हेतच, ते गाडीचा पत्रा आहेत. खडकाच्या स्फटिकाच्या आतच बसलेला धातू, तो तुमच्या-आमच्या हयातीत सुटत नाही. हे पाच भाग एकामागून एक वेगळी रसायनं वापरून मोजायची रीत टेसिए आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली, आजही तीच किंवा तिची धाकटी भावंडं वापरतात.

प्रयोगशाळेचा साधा रिपोर्ट काय देतो? गाडीतली एकूण डोकी. पत्र्यासकट.

तांब्याभांडं

सर, कंडक्टर कोण?

रसायनचूर्ण

सामू. तिकीट तोच फाडतो. आणि ड्रायव्हर म्हणजे ऑक्सिजन, पण उपमा इथेच थांबवतो, नाहीतर स्टँडवरच्या वड्यापर्यंत जाईल.

खडूस_पुणेकर

म्हणजे आमच्याकडून गाडी भरून निघते आणि उजनीला शेवटचा थांबा. आणि आरक्षण कुणाचंच नाही.

पोयटा

मी मृदशास्त्रात काम करते. रसायनचूर्ण सरांचं सगळं मान्य, पण सीनाकाठ यांचा खरा प्रश्न "बसतात कसे" हा नाही. गाळ तळातून उचलून रानात पसरला की काय होतं, हा आहे. आणि तिथे ऑक्सिजनची गोष्ट वड्याआधी सांगायलाच हवी.

धरणाच्या तळाचा गाळ हाताने उकरून बघा. वरचा बोटभर थर तपकिरी असतो. त्याखाली काळा आणि कुजक्या अंड्यासारखा वास. तो वास सल्फाइडचा. सांडपाण्यातला मैला, सडलेली जलपर्णी, हे कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात. मग ते लोहाचा गंज आणि पाण्यातलं सल्फेट वापरायला लागतात. गंज विरघळतो तेव्हा त्यात बांधलेले धातू आणि आर्सेनिक मोकळे होतात, पण लगेच शेजारी तयार झालेलं सल्फाइड धातूंना धरतं. तांबं, पारा, शिसं, कॅडमियम, जस्त यांची सल्फाइडं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. म्हणून काळ्या गाळात धातू भरपूर असले तरी वरच्या पाण्यात ते फारसे सापडत नाहीत. आर्सेनिक मात्र या हिशेबात नीट बसत नाही.

आता हाच गाळ पोकलेनने काढला आणि उन्हात पसरला. हवा लागली. काळा गाळ दोन-चार दिवसांत तपकिरी होतो, हे कुणीही पाहिलं असेल. तो रंग बदलणं म्हणजेच सल्फाइड मोडणं. झोपलेले प्रवासी उठले. शिवाय सल्फाइड मोडताना गंधकाम्ल तयार होतं, म्हणजे सामू खाली.

भिगवणचा_बगळा

झालं तर. मी हेच म्हणत होतो.

पोयटा

थांबा, पुढचं वाचा. आमची माती चुनखडीची आहे. करमाळ्याकडच्या काळ्या रानाचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो, तयार झालेलं आम्ल चुनखडी तिथल्या तिथे मारते. आणि लोहाच्या सल्फाइडचं काय होतं? त्याचा ताजा गंज होतो, आणि ताजा गंज धातू धरायला सगळ्यात अधाशी. उठलेल्यांतले बरेच पुन्हा दुसऱ्या बाकावर बसतात. सामू आठला शिसं आणि तांबं तर हलतच नाहीत म्हटलं तरी चालेल. कॅडमियम आणि जस्त मात्र थोडे सैल बसतात.

म्हणून माझं उत्तर बगळा यांच्यासारखं नाही आणि काळी_आई यांच्यासारखंही नाही. कोकणातल्या जांभ्या मातीत, जिथे सामू साडेपाच असतो, तिथे हाच गाळ मी टाकू दिला नसता.

@सीनाकाठ, तुमचं रान मुरमाड आहे म्हणालात. मुरमाला चुनखडी आहे का? शिरकेवर लिंबू पिळून किंवा सौम्य आम्ल टाकून फसफसतं का बघा.

तांब्याभांडं

शिरके म्हणजे?

पोयटा

ढेकळावर. ऑटोकरेक्टची कृपा.

फोंडेकर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे गोष्ट उलटी. खाणींच्या काळात पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीचं पाणी लाल व्हायचं, बार्जी भरून खनिज जायचं. २०१२ साली खाणींवर बंदी आली, पण लोह आणि मँगनीजने भरलेला गाळ नदीच्या तोंडापर्यंत आहेच. शिवाय आमच्या नद्यांत भरतीचं खारं पाणी दूरवर आत येतं. सरांनी क्षार म्हटलं ना, दारात लटकलेले उतरतात, ते आम्ही रोज बघतो असं समजा. कॅडमियमला तर क्लोराइड फार आवडतं. खाऱ्या पाण्यात तो कणाचा हात सोडून क्लोराइडचा धरतो आणि पाण्यात जातो.

खाणीखालच्या भातशेतात लाल चिखल शिरला की पाणी साचलेल्या रानात तेच लोह, मँगनीज विरघळून पिकाच्या मुळाशी येतं. पान तांबूस पडतं. आजोबा म्हणायचे रोपाक बाधा जाली. बाधाच ती.

गोदाकाठ

भातावरून आठवलं. जपानच्या तोयामा प्रांतातली जिन्झू नदी. कामिओका खाणीतून कॅडमियम नदीत, नदीतून पाटाच्या पाण्याने भातखाचरात. माणसांची हाडं इतकी ठिसूळ झाली की रोगाचं नाव पडलं इताई-इताई, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ मध्ये जपान सरकारने कॅडमियम हे कारण मान्य केलं.

यातली रसायनाची गंमत (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण असो) अशी की खाचरात पाणी उभं असतं तोवर कॅडमियम सल्फाइड होऊन गप्प असतो. कापणीआधी पाणी सोडून दिलं, चिखलाला भेगा पडल्या, हवा शिरली, की सुटतो. आणि नेमका तेव्हाच दाणा भरत असतो. म्हणून अशा भागात ओंबी बाहेर पडायच्या सुमारास पाणी उभं ठेवायला सांगतात. पण आर्सेनिक असेल तर बरोब्बर उलटा सल्ला, कारण आर्सेनिक पाणी साचल्यावर सुटतं. दोन्ही असतील तर शेतकऱ्याने कुणाचं ऐकायचं?

काळी_आई

सासू आणि बायको दोघींचं ऐकतो तसंच. दोघींना हो म्हणायचं.

खडूस_पुणेकर

हा प्रतिसाद बायकोला दाखवला. आता माझाच सामू उतरलाय.

डेल्फ्टवासी

उशिरा आले धाग्यावर. मी नेदरलँड्समध्ये राहते, आणि इथे तुमच्या आबांनी ठरवलंय तेच मोठ्या प्रमाणावर केलं गेलं होतं. रॉटरडॅम बंदरात ऱ्हाइन नदी दरवर्षी प्रचंड गाळ आणून टाकते. तो उपसून आजूबाजूच्या सखल जमिनींवर पसरायचे, माती सुपीक होते म्हणून. नंतर कळलं की जर्मनीपासूनच्या कारखान्यांचं कॅडमियम, जस्त आणि बरंच काही त्यात आहे. व्लार्डिंगन गावाजवळची ब्रुकपोल्डर नावाची जमीन अशीच बंदराच्या गाळाने उंच केली होती, तिथे घरं बांधायची होती. शेवटी झाडं लावून फिरायची जागा केली. १९८० च्या दशकात समुद्राकडेला स्लुफ्टर नावाचा भला मोठा खड्डा-बांध बांधला आणि वाईट गाळ तेव्हापासून तिथे बंद करून ठेवतात. पाण्याखालीच, मुद्दाम. पोयटाताईंनी सांगितलेलं काळं सल्फाइड मोडू नये म्हणून तेही सोयीचं पडतं.

पण चांगली बातमी ही की गेल्या काही दशकांत ऱ्हाइनमधला कॅडमियम खूप कमी झाला. कारण उगमाकडचे नळ बंद केले.

भिगवणचा_बगळा

@डेल्फ्टवासी, धन्यवाद. उपसायचं की तसंच राहू द्यायचं हा प्रश्न मला नेहमी पडतो. आपल्याकडे नदी सुधारायची म्हटलं की पहिला येतो जेसीबी.

डेल्फ्टवासी

दोन्हीकडे तोटा आहे. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत पारा साचला होता, कारखान्याने १९३२ ते १९६८ सोडलेला. तिथे शेवटी तळ उपसावाच लागला. १९७७ ते १९९० काम चाललं, सुमारे १५ लाख घनमीटर गाळ भरावाखाली बंद केला, ५८ हेक्टर नवी जमीन झाली. पाऱ्याचं वेगळंच, तळातले जिवाणूच त्याचा मिथाइल पारा करतात, तो माशात चढतो. तिथे "राहू दे तळाशी" म्हणून चालत नाही. उलट जर्मनीतल्या एल्ब नदीला ऑगस्ट २००२ मध्ये पूर आला तेव्हा जुना गाळ न उपसताच उठला आणि खालच्या कुरणांवर जाऊन बसला. रसायनाने काही सुटलं नाही, पाण्याच्या जोराने कणच निघाले.

काळी_आई

हे सगळं परदेशातलं झालं. माझा साधा मुद्दा: उद्या रिपोर्ट आणला आणि त्यात क्रोमियम, निकेल, तांबं निघालं, तर पुण्याच्या नावाने बोंब मारायची का? आमच्या विहिरीच्या दगडातही तांबं असतंच म्हणे.

रसायनचूर्ण

काळी_आई, फार मोलाचं बोललात. दख्खनचा बेसाल्ट तांबं, निकेल, क्रोमियम, व्हॅनेडियम यांनी मुळातच श्रीमंत आहे, ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी पट. त्यापासून झालेली काळी माती तशीच. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा दिल्या आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबं ३००, जस्त १०००. यातली क्रोमियमची मर्यादा आपली कोरी करकरीत काळी मातीसुद्धा सहज ओलांडू शकते. तो क्रोमियम पत्र्यातला. त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

म्हणून पुण्याचा हात किती हे बघायचं तर शिसं आणि कॅडमियम बघा. बेसाल्टमध्ये ते फार थोडे. आणि कॅडमियम आढळला म्हणून लगेच बोट दाखवू नका, फॉस्फेट खतांतूनही तो थोडा येतो. तुमच्या घरच्या गोणीतून.

तांब्याभांडं

आणि गणपतीचे रंग? शिशाचे असायचे ना?

पोयटा

घरगुती रंगांत शिशाची मर्यादा आता ९० पीपीएम, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे, २०१६ चा नियम. मूर्तींवर काय फासतात ते देव जाणे, म्हणजे त्यालाच ठाऊक, त्याच्याच अंगावर असतं. प्लास्टर ऑफ पॅरिस हे कॅल्शियम सल्फेट, म्हणजे तळातल्या जिवाणूंना सल्फेटचा नैवेद्य.

बरं, मूळ प्रश्नाकडे येते, नाहीतर विसर्जनाचा धागा होईल. सीनाकाठ, मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते.

नमुना एकच नको. ज्या जागेचा गाळ उचलणार तिथला, तुमच्या रानातला, आणि गावच्या पाझर तलावाचा, जिथे फक्त शेतातून वाहून आलेली माती बसते. हा तिसरा म्हणजे तुमचं मोजमापाचं माप. तीन रिपोर्ट शेजारी ठेवले की कळतं. गाळ घ्यायला प्लास्टिकचं खोरं वापरा, जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं घमेलं नको, त्याचंच जस्त रिपोर्टात येईल.

प्रयोगशाळेत दोन गोष्टी मागा. एकूण धातू, आणि डीटीपीएने सुटणारे धातू. डीटीपीए ही तीच चाचणी जिने कृषी विज्ञान केंद्रात जस्ताची कमतरता बघतात, म्हणजे झाडाला काय मिळू शकतं त्याचा अंदाज. विनोद असा की आपल्या निम्म्या रानांना जस्त कमी म्हणून आपण झिंक सल्फेट टाकतो आणि गाळात जस्त निघालं की घाबरतो. सोबत सामू, चुनखडी आणि सेंद्रिय कर्ब.

डीटीपीएचा कॅडमियम आणि शिसं तुमच्या रानाच्या तोडीचे निघाले तर टाका. खूप वर निघाले तर पाझर तलावाचा गाळ घ्या, ट्रॉलीला भाडं थोडं जास्त पडेल इतकंच. आणि मधलंच काही आलं तर त्या तुकड्यात ऊस, तूर, कापूस घ्या, पालक-मेथी नको. पालेभाजी कॅडमियम फार ओढते.

भिगवणचा_बगळा

एक भर. शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी टाकलाय ना? मग त्यांच्याच रानातला नमुना घ्या. गाळाला दोन पावसाळे हवा लागलीय, जे सुटायचं ते सुटून झालं असेल. याहून चांगला प्रयोग कुठे मिळणार?

पोयटा

बगळा, हे मला सुचायला हवं होतं. मानलं.

रसायनचूर्ण

एक सावधगिरी. तळाचा गाळ वाळवून पाठवलात तर वाटेतच तपकिरी होईल आणि सल्फाइडची गोष्ट पुसली जाईल. माझ्या एका विद्यार्थ्याने संशोधनाचे चाळीस नमुने एका प्रयोगशाळेत दिले, तिथल्या मदतनिसाने चांगुलपणाने सगळे गच्चीवर वाळत घातले. पापडासारखे. मुलाचं एक वर्ष गेलं. पिशवी काठोकाठ भरा, हवा काढा, गाठ मारा, दुसऱ्या पिशवीत घाला, थंड ठेवा. शेतापुरतं बघायचं असेल तर वाळवलेलाही चालेल, कारण रानात तो वाळणारच आहे. पण मला दोन्ही बघायची उत्सुकता आहे.

काळी_आई

सर, उत्सुकता तुमची, खर्च त्याचा.

रसायनचूर्ण

ओल्या नमुन्यांचा खर्च माझ्याकडे. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

सीनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, काल दोनदा वाचून काढलं.

आबांना एसटीचं सांगितलं. त्यांनी आयुष्यभर करमाळा-टेंभुर्णी लटकत केलंय, त्यामुळे लगेच समजलं. म्हणाले, "मग दारातले किती ते बघून घे, पत्रा मोजत बसू नको." शेजारचे काका नमुना द्यायला तयार आहेत, पण रिपोर्ट आधी त्यांना दाखवायचा ही अट. रास्त आहे.

मुरमावर लिंबू पिळलं. फसफसलं. आईने विचारलं, एवढं महाग लिंबू दगडावर कशाला.

काल संध्याकाळी चार नमुने घेतले, तळाच्या गाळाचे ओले दोन आणि वाळलेले दोन. ओले फ्रीजमध्ये ठेवलेत, दुहेरी पिशवीत, रसायनचूर्ण सरांनी सांगितल्याप्रमाणे. आज सकाळी आईने काळी पिशवी उघडून वास घेतला आणि "हे कसलं काळं वाटण, खराब झालंय" म्हणून उकिरड्यावर टाकली. एक वाचली आहे. सर, एकावर चालेल का?

रसायनचूर्ण

चालेल. फ्रीजला कुलूप आहे का?